राजीनाम्यावर सही? जरा थांबा!

महाडच्या एम.आय.डी.सी.त नोकरी असलेल्या कुठल्याही घरावर ही वेळ येऊ शकते. यजमान शिफ्ट सुटण्याआधीच घरी येतात, चहा नको म्हणतात आणि खिशातून टाईप केलेला कागद काढतात. “कंपनी माणसं कमी करतेय. ह्यावर सही केली की उद्या हिशोब मिळेल.”

मैत्रिणींनो, अशा वेळी रडत बसू नका. तो कागद हातात घ्या आणि वाचा. ‘मी स्वखुशीने राजीनामा देत आहे’ असं त्यात लिहिलेलं असेल, तर त्या दिवशी सही होऊ देऊ नका.

का, ते सांगते. मालकाने माणूस कमी केला तर त्याची भरपाई मालकाने द्यायची, हा कायदा आपल्याकडे 1953 पासून आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या श्रम संहिता लागू झाल्या, तरी हा नियम कायम राहिला. एक वर्ष सलग नोकरी झालेल्या कामगाराला एक महिन्याची लेखी नोटीस किंवा महिन्याचा पगार मिळतो. शिवाय नोकरीच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं तरी ते सलग वर्षच धरतात. पण माणूस आपणहून सोडून गेला, तर ही भरपाई नाही. म्हणून तर त्या कागदावर ‘स्वखुशीने’ हा शब्द एवढ्या अगत्याने लिहिलेला असतो!

आपण घरात वाण्याचा हिशोब मांडतो, तसा हाही मांडून बघू. समजा, पगार 15,600 रुपये आणि नोकरी आठ वर्षं सात महिने. सहा महिन्यांच्या वर गेलं की पुढचं वर्ष पूर्ण धरतात, म्हणजे नऊ वर्षं झाली. ग्रॅच्युइटी काढताना पगाराला 26 ने भागतात : रोजचे 600, पंधरा दिवसांचे 9,000, नऊ वर्षांचे 81,000. ही रक्कम राजीनामा दिला तरी मिळतेच, कारण पाच वर्षं भरलेली आहेत. माणूस कमी केला तर त्यावर भरपाई अर्ध्या पगाराच्या हिशोबाने, 7,800 गुणिले नऊ, म्हणजे 70,200. नोटिशीचे 15,600 वेगळे. म्हणजे त्या एका सहीने घरातले 85,800 रुपये जातात. नव्या कायद्याने आणखी पंधरा दिवसांचा पगार 45 दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायला हवा, तो तर ह्यात धरलेलाच नाही.

“साहेब एकरकमी दीड लाख देतायत,” असं ऐकलं की आपलं मन लगेच विरघळतं. पण दीड लाख कशाकशाचे, ते विचारा. फंड, ग्रॅच्युइटी, शिल्लक रजेचे पैसे, चालू महिन्याचा पगार हे सगळं ह्यांचंच आहे. ते देण्यात मालकाचे उपकार कसले? प्रत्येक रक्कम वेगळ्या ओळीत लिहून मागा. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावी लागते. ग्रॅच्युइटीला उशीर झाला तर त्यावर व्याज. ‘सर्व रक्कम मिळाली, आता काही मागणी नाही’ असा कागद तर पैसे खात्यात पडल्याशिवाय मुळीच नको.

ठेकेदाराकडे काम असेल तर लोक म्हणतात, आम्हाला कसला आलाय कायदा! तसं नाही. ठेकेदाराने पगार बुडवला तर तो मूळ कंपनीला द्यावा लागतो. तुम्ही स्वतः नोकरी करत असाल तर हे सगळं तुम्हालाही लागू आहे. आणि बाळंतपणाच्या रजेवर असताना कामावरून काढणं तर बेकायदाच.

आता कागदांचं. पोलादपूर-महाडकडच्या कितीतरी घरांतली माणसं मुंबईच्या गिरण्यांत होती. 18 जानेवारी 1982 ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, आणि पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. तीस वर्षांनी, 2012 मध्ये, म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. कामगार 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर गिरणीत होता, एवढं सिद्ध करायचं होतं. वारसांनाही हक्क होता. तेव्हा गावच्या ट्रंकेतलं जुनं ओळखपत्र, तिकीट नंबर, फंडाची चिठ्ठी सोन्याच्या मोलाची ठरली.

म्हणून नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा आणि फंडाचा नंबर प्लास्टिकच्या पिशवीत घालून माळ्यावर ठेवा. 22 जुलै 2021 ला सावित्रीचं पाणी महाडच्या घराघरांत शिरलं, ते तुम्ही विसरला नसालच. प्रत्येकाचा मोबाईलवर फोटो काढून तो माहेरीही पाठवून द्या.

आणि दमदाटीने सही आधीच घेतली असेल तर? ‘हा राजीनामा माझ्या खुशीने दिलेला नाही’ असं दोन ओळींचं पत्र दुसऱ्याच दिवशी कंपनीला स्पीड पोस्टाने पाठवा, एक प्रत सरकारी कामगार अधिकाऱ्याला. पोस्टाची पावती त्याच पिशवीत ठेवा.