अलार्म कशाला? कौलं आहेत ना!

कोकणातल्या मिठबावात हा प्रश्न कुणीही विचारील, आणि तो चुकीचा नाही; कौलांच्या फटींतून चुलीचा धूर निघून जातोच. पण आता स्लॅबची घरं वाढली, बंद न्हाणीघरांत गॅस गीझर आले. अपुऱ्या ज्वलनातून होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० हून अधिक पट घट्ट चिकटतो. नाकावर भरवसा ठेवून चालत नाही, कारण वास येतो तो गळणाऱ्या सिलिंडरचा. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळात गेली तशी वीज कित्येक दिवस गेली की जनरेटर पडवीत येतो, धोका तोच. म्हणून गीझर न्हाणीघराबाहेर, जनरेटर घरापासून लांब, हे आधी. अलार्म त्यानंतर.

धुराचा अलार्म फोडणीलाच वाजतो, ही तक्रार रास्त आहे. तो स्वयंपाकघरात नको, झोपायच्या खोलीबाहेर छताला लावावा. कार्बन मोनॉक्साइडचा झोपायच्या जागेजवळ. गॅसगळतीचा वेगळाच, तो जमिनीलगत, कारण सिलिंडरचा गॅस हवेहून जड. महिन्यातून एकदा टेस्टचं बटण दाबावं आणि खाऱ्या हवेनं बॅटरीच्या पट्ट्यांवर चढलेला हिरवट थर पुसावा. बॅटरी नवी असली तरी सेन्सर साधारण ७ ते १० वर्षांत थकतो. पाठीवरची तारीख उलटली की अख्खा अलार्म बदलावा.