अर्धांगवायु आणि व्यायाम

सन १८६८ च्या ऑक्टोबर महिन्यांत सुप्रसिद्ध फ्रेंच शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांस अर्धांगवायूचा झटका आला. त्या वेळीं त्यांचें वय अवघें ४५ वर्षांचें होतें. त्यांचा डावा हात व डावा पाय लुळा पडला आणि ती दुर्बळता कांहीं अंशीं जन्मभर राहिली. तथापि १८८५ सालीं पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावरील लस त्यांनीं ९ वर्षांच्या एका मुलास टोंचविली व तो मुलगा वांचला. अर्धांग गेलें म्हणजे आयुष्य संपलें, असें म्हणणाऱ्यांनीं हें ध्यानांत धरावें.

मेंदूंतील एखादी रक्तवाहिनी बंद पडली किंवा फुटली, म्हणजे तेथील पेशी मरतात. मेंदूचा उजवा भाग शरीराच्या डाव्या बाजूवर सत्ता चालवितो व डावा भाग उजव्या बाजूवर. म्हणून विकार एकीकडे आणि लुळेपणा दुसरीकडे दिसतो. मेलेल्या पेशी पुन्हां जिवंत होत नाहींत. परंतु उरलेल्या पेशी त्यांचें काम कांहीं अंशीं शिकूं शकतात. अक्षर गिरवून गिरवून जसें हातास वळण लागतें, तद्वत् एकच हालचाल पुनःपुन्हां केल्यानें हें शिक्षण घडतें. व्यायामोपचाराचा पाया तो हाच.

हे व्यायाम दिसण्यांत अगदीं साधे असतात. भक्कम खुर्चीवरून उठणें व सावकाश बसणें. ओट्यास धरून उभें राहून शरीराचा भार आळीपाळीनें एका पायावरून दुसऱ्यावर नेणें. त्याच आधारानें बाजूस पावलें टाकणें. दुर्बळ हातानें समोरचा पेला उचलून ठेवणें. आधीं बसण्याचा तोल, मग उभें राहण्याचा, नंतर चालणें, असा सामान्य क्रम आहे. कोणता व्यायाम किती करावा, हें मात्र तज्ज्ञानेंच ठरवावें. सुधारणा पहिल्या कांहीं महिन्यांत जलद होते. पुढें ती मंदावते, पण थांबतेच असें नाहीं.

मुलांनो, येथें तुमचें काम आहे. आजोबा उठत असतां त्यांच्या दुर्बळ बाजूस उभे राहा. पण लुळा हात धरून त्यांस ओढूं नका, त्यानें खांदा दुखावतो. वाटेंतील सतरंजी उचला, ओली फरशी पुसा. सदरा घालण्यास त्यांस वेळ लागला तर लागूं द्या. घाईनें तुम्हींच घातलात तर प्रेम दिसेल, पण व्यायाम बुडेल.

आणखी एक गोष्ट. कोणाचें तोंड एकाएकीं वांकडें झालें, हात उचलेनासा झाला किंवा बोलणें अडखळूं लागलें, तर तेल चोळीत बसूं नये. तत्काळ रुग्णालय गांठावें. गुठळी विरघळविण्याचें औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देतां येतें.