अंगरक्षक नेमण्यापूर्वी

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काहींनी विचारलं की हा आपला विषय आहे का? अंगरक्षक म्हणजे मंत्री, नट, नाहीतर अंबानी. मुकेश अंबानी यांच्या कुटुंबाला देशात आणि परदेशातही झेड प्लस सुरक्षा द्यावी, खर्च मात्र कुटुंबानेच करावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. ती गोष्ट वेगळी. आपण बोलणार आहोत ते बिल्डर, सराफ, कारखानदार, मोठं हॉस्पिटल चालवणारे डॉक्टर यांच्याबद्दल. खंडणीचा एक फोन येतो, घरातले घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी दारात काळा सफारी घातलेले दोन धिप्पाड तरुण उभे राहतात. हा निर्णय बहुतेक वेळा एका रात्रीत घेतला जातो, आणि तिथूनच गोंधळ सुरू होतो.

धमकी आली असेल तर पहिला फोन पोलिसांना. मुंबई गुन्हे शाखेत खंडणीविरोधी पथक आहे, इतर मोठ्या शहरांतही आहे. 'पोलिसांत गेलो तर तो चिडेल' असं आम्हाला हमखास ऐकवलं जातं. पण धमकी कोणाची, तिच्यात दम किती, हे शोधण्याची साधनं पोलिसांकडेच असतात. खासगी एजन्सी फोनचा माग काढू शकत नाही. अंगरक्षक हल्ला अडवेल, धमकी संपवणार नाही.

आता कायदा. खासगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा केंद्रीय कायदा आहे, धंद्यात त्याला 'पसारा' म्हणतात. माणसाचं रक्षण करणंही त्यात येतं. परवान्याशिवाय एजन्सी चालवली तर एक वर्षापर्यंत कैद किंवा पंचवीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परवाना पाच वर्षांचा असतो आणि तो ज्या जिल्ह्यांसाठी घेतला त्यांच्यापुरताच चालतो. म्हणून पुण्याच्या एजन्सीला विचारा, तुमच्या परवान्यात आमचा जिल्हा आहे का? कागद दाखवा म्हणा. चांगली एजन्सी रागावत नाही.

याच कायद्यानुसार रक्षकाची पूर्वचारित्र्य पडताळणी झालेली हवी, त्याच्याकडे फोटोचं ओळखपत्र हवं, आणि सैन्यातून किंवा पोलिसांतून बडतर्फ झालेला माणूस या कामाला चालत नाही. हा शेवटचा मुद्दा नीट लक्षात घ्या. 'माजी सैनिक आहे' एवढं ऐकून आपण खूश होतो. निवृत्त झाला की काढून टाकला, हे त्याच्या सेवामुक्तीच्या कागदावर लिहिलेलं असतं. तो कागद मागायला संकोच कशाला?

प्रशिक्षणाचं काय? नमुना नियमांत किमान १६० तास सांगितले आहेत, शंभर वर्गात आणि साठ मैदानावर. माजी सैनिक आणि पोलिसांना बरेच कमी. पण हा अभ्यासक्रम मुख्यतः दारावरच्या, आवारातल्या रक्षकासाठी आखलेला आहे. चालत्या माणसाचं रक्षण करणं हे निराळं कसब आहे. ते कुठे शिकला, कोणाबरोबर केलं, हे वेगळं विचारावं लागतं. व्यायामशाळेत कमावलेलं शरीर म्हणजे हे कसब नव्हे. बाउन्सर गर्दीला रेटतो. अंगरक्षकाचं काम गर्दीत शिरायची वेळच येऊ न देणं. बाउन्सर दिसावा म्हणून ठेवतात. चांगला अंगरक्षक लग्नाच्या हॉलमध्ये वधूपक्षाचा कोणी काका वाटला तरी बिघडत नाही.

आणखी एक गैरसमज. अंगरक्षकाला कायद्याने जास्तीचे अधिकार किती? शून्य. तुम्हाला-आम्हाला जेवढे, तेवढेच. तो कोणाची जबरदस्तीने झडती घेऊ शकत नाही, रस्त्यावरची गाडी हटवू शकत नाही. खासगी संरक्षणाचा हक्क त्याला आहे, भारतीय न्याय संहितेतली कलमं ३४ ते ४४ त्याचीच; पण धोका टळल्यावर मारलेला एकही फटका त्यात बसत नाही. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा घडला तर कोणीही नागरिक आरोपीला पकडू शकतो, मात्र नव्या संहितेनुसार सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं. तुमच्या माणसाने सिग्नलवर रिक्षावाल्याला चोपलं, तर गुन्हा त्याच्यावर दाखल होईल आणि व्हिडिओ तुमच्या नावाने फिरेल.

आता बंदूक. इथे जरा थांबू, कारण याच विषयावर लोक सगळ्यात कमी विचारतात. गनमॅन मागताना आपण हत्यार भाड्याने घेतल्यासारखं बोलतो. पण शस्त्र परवाना त्या माणसाच्या नावावर असतो, तो ठराविक भागापुरता असू शकतो, आणि ते हत्यार दुसऱ्याच्या हाती देणं गुन्हा आहे. ८ फेब्रुवारी २०२४ ला मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुक लाइव्ह चालू असताना गोळ्या घालून हत्या झाली. मारणाऱ्याने नंतर स्वतःवरही गोळी झाडली. ते पिस्तूल कोणाचं निघालं? मारणाऱ्याने ठेवलेल्या अंगरक्षकाचं. रक्षणासाठी आलेलं हत्यार मालकाच्या हाताला लागलं, आणि अंगरक्षकाला अटक झाली. म्हणून ड्युटी संपल्यावर पिस्तूल कुठे राहतं, हा प्रश्न करार करतानाच विचारायचा. तुमच्या कपाटात, ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, गाडीच्या डॅशबोर्डमध्ये अजिबात नाही. घरात लहान मुलं असतील, कोणी निराशेतून जात असेल, तर शस्त्रधारी माणूस घ्यावा का याचाच पुन्हा विचार करा. आमचं मत विचाराल तर बहुतेक कुटुंबांना बिनशस्त्र पण शिकलेला माणूस पुरतो.

मग तो नेमकं करतो काय? तीन घटना आठवा. १२ ऑगस्ट १९९७ ला गुलशन कुमार अंधेरीत मंदिरातून बाहेर पडले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. १२ ऑक्टोबर २०२४ ला बाबा सिद्दीकी वांद्र्यात मुलाच्या कार्यालयाबाहेर मारले गेले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला न्यूयॉर्कमध्ये युनायटेड हेल्थकेअरचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन बैठकीला चालत जाताना हॉटेलच्या दाराशी मारले गेले. देश वेगळे, काळ वेगळा, पण तिघेही दोन दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत होते, आणि ते तिथे येणार हे आधी कळण्यासारखं होतं. नेहमीचं मंदिर, ठरलेलं कार्यालय, जाहीर झालेली बैठक. सिद्दीकींसोबत तर पोलीस रक्षक होता. त्या शिपायाला नंतर निलंबित केलं गेलं. म्हणजे माणूस सोबत असणं पुरेसं नाही. अंगरक्षकाचं खरं काम आदल्या दिवशी होतं: गाडी दाराला किती जवळ लागेल, दुसरं दार कुठे आहे, जवळचं रुग्णालय कोणतं, रोजची वेळ बदलता येईल का. तुम्ही तुमचं वेळापत्रक त्याला देणार नसाल, नाहीतर साहेब सहा वाजता निघतो सांगून आठला निघणार असाल, तर कितीही पैसे मोजा, उपयोग नाही.

पैशांचा हिशेब साधा आहे आणि तोच चुकतो. आठवड्याचे तास १६८. एक माणूस आठवड्याला ४८ तास काम करणार. चोवीस तास एकच जागा सांभाळायची तर साडेतीन माणसं लागतात. सुट्ट्या, आजारपण धरलं तर चार किंवा पाच. एजन्सी दोन माणसांत चोवीस तास देते म्हणाली, तर दोघेही रोज बारा तास उभे राहणार आहेत, बिनसुट्टीचे. पहाटे चारला त्याचा डोळा लागणारच, त्यात त्याचा काय दोष? दरमहा तुम्ही किती देता यापेक्षा त्याच्या हातात किती पडतात हे विचारा. भविष्य निर्वाह निधी भरला जातो का, विमा आहे का? तो तुमच्यासाठी गोळीसमोर उभा राहावा अशी अपेक्षा आहे, आणि त्याच्या बायकोला विम्याचा कागद दाखवता येत नाही, हे आम्हाला पटत नाही.

घरात आणखी एक गोष्ट घडते. महिन्याभरात अंगरक्षक भाजी आणतो, पिशव्या उचलतो, कुत्रा फिरवतो. दोन्ही हातांत पिशव्या असलेला अंगरक्षक म्हणजे हमाल. शिवाय घरातली भांडणं, औषधं, मुलांच्या शाळेच्या वेळा, तिजोरीची जागा, सगळं त्याला कळतं. गोपनीयतेचं कलम करारात लिहून घ्या, ते एजन्सीशी आणि त्या माणसाशीही. आणि एजन्सीने दर महिन्याला नवा चेहरा पाठवायचा नाही, हेही लिहा.

शेवटी आलेल्या प्रश्नांपैकी दोन घेऊ.

एका ताईंनी विचारलंय, मुलांना सांगायचं का? सांगायचं, त्यांच्या वयाला समजेल तेवढं. काकांचं ऐकायचं, न सांगता निघून जायचं नाही. मुलीसाठी महिला रक्षक मिळते. शाळेला लेखी कळवा, कारण शाळा कोणाही अनोळखी माणसाला फाटकात उभं करणार नाही, करूही नये.

दुसरा प्रश्न, बजेट एकाच माणसाचं आहे, कोण घ्यावा? आधी ड्रायव्हर शिकवून घ्या. हल्ल्यात लढत बसायचं नसतं, तिथून निघायचं असतं, आणि निघायचं म्हणजे गाडी. चावी लावून सीटवर बसलेला, फोन न पाहणारा, पुढच्या गाडीचं मागचं चाक दिसेल एवढं अंतर सोडून थांबणारा ड्रायव्हर. तुम्ही उतरताना दार उघडायला तो उतरत असेल तर त्याला आजच सांगा, दार मी उघडतो, तू स्टिअरिंग सोडू नकोस.