झारचे कुटुंब

रशियाच्या सम्राटाला झार आणि सम्राज्ञीला झारिना म्हणत. शेवटचा झार दुसरा निकोलस व त्याची पत्नी अलेक्झांड्रा यांच्या कौटुंबिक जीवनाची माहिती या पाठात दिली आहे. घरातील एका गुपिताचा राज्यावर कसा परिणाम झाला, ते वाचा.

पूर्वी राजघराण्यांतील विवाह बहुधा राजकारणासाठी होत. वधूवरांची पसंती फारशी कोणी विचारत नसे. निकोलसचा विवाह मात्र त्याच्या पसंतीने झाला. १८८४ साली रशियात त्याच्या काकांचे लग्न होते. त्यासाठी वधूची धाकटी बहीण अलिक्स जर्मनीतील डार्मस्टाट येथून आली होती. ती १२ वर्षांची आणि निकोलस १६ वर्षांचा होता. तेथे त्यांची ओळख झाली.

अलिक्स सहा वर्षांची असताना तिची आई वारली. इंग्लंडची राणी व्हिक्टोरिया ही तिची आजी. आजीने तिला फार माया लावली. पुढे निकोलसने मागणी घातली, तेव्हा अलिक्ससमोर मोठा प्रश्न उभा राहिला. भावी झारिनेला ऑर्थोडॉक्स पंथ स्वीकारावा लागे, आणि अलिक्सची आपल्या प्रॉटेस्टंट पंथावर दृढ श्रद्धा होती. बराच विचार करून एप्रिल १८९४ मध्ये तिने होकार दिला. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला निकोलसचे वडील वारले आणि तो झार झाला. २६ नोव्हेंबरला त्याचा विवाह झाला. अलिक्स आता अलेक्झांड्रा झाली होती.

हे दांपत्य राजधानीजवळ त्सार्स्कोये सेलो येथील राजवाड्यात राहू लागले. अलेक्झांड्रा बुजऱ्या स्वभावाची होती. दरबारातील लोकांना तो गर्व वाटे. तिला मेजवान्यांपेक्षा घर प्रिय होते. ओल्गा, तातियाना, मारिया आणि अनास्तासिया या चार मुली झाल्या. त्या राजकन्या असूनही साध्या खाटेवर झोपत व सकाळी थंड पाण्याने स्नान करीत. संध्याकाळी वडील मुलांना पुस्तक वाचून दाखवीत.

परंतु १७९७ च्या कायद्यानुसार गादी मुलालाच मिळे. १९०४ साली अलेक्सेईचा जन्म झाला आणि सर्वांना अतिशय आनंद झाला. हा आनंद फार काळ टिकला नाही. काही आठवड्यांतच बाळाच्या बेंबीतून रक्त वाहू लागले. ते लवकर थांबेना. त्याला हिमोफिलिया हा रोग होता.

या रोगात रक्त नीट गोठत नाही. साधा धक्का लागला, तरी शरीराच्या आत रक्तस्राव होतो. सांधे सुजतात आणि असह्य वेदना होतात. हा रोग आनुवंशिक आहे. स्त्रिया बहुधा त्याच्या वाहक असतात. त्यांना स्वतःला सहसा त्रास होत नाही. मात्र त्यांच्या प्रत्येक मुलग्याला तो होण्याची शक्यता निम्मी असते. राणी व्हिक्टोरियाकडून हा रोग लेकी-नातींमार्फत युरोपातील काही राजघराण्यांत पोहोचला होता. आज त्यावर इंजेक्शने मिळतात. तेव्हा काहीच इलाज नव्हता.

आईवडील अलेक्सेईला तळहातावरच्या फोडाप्रमाणे जपत. तो पडू नये म्हणून दोन खलाशी त्याच्यासोबत असत. गादीचा वारस आजारी आहे, ही गोष्ट मात्र प्रजेपासून लपवून ठेवली गेली.

१९१२ साली अलेक्सेई मरणाच्या दारात होता. डॉक्टरांनी आशा सोडली होती. तेव्हा सैबेरियातून रास्पुतिन नावाच्या साधूची तार आली, ‘मुलगा वाचेल’ अशा अर्थाची. त्यानंतर मुलाला उतार पडला. हा योगायोगही असेल; पण व्याकूळ झालेल्या आईचा रास्पुतिनवर पूर्ण विश्वास बसला. तो राजवाड्यात का येतो, हे लोकांना ठाऊक नव्हते. त्यामुळे नाना अफवा उठल्या.

१९१४ साली महायुद्ध सुरू झाले. अलेक्झांड्रा आणि तिच्या दोन थोरल्या मुलींनी परिचारिकांचे शिक्षण घेऊन जखमी सैनिकांची शुश्रूषा केली. १९१५ मध्ये निकोलस स्वतः सेनापती होऊन आघाडीकडे गेला. मागे कारभारात अलेक्झांड्राचे मत चालू लागले आणि ती रास्पुतिनचा सल्ला मानी. मंत्री वारंवार बदलले. डिसेंबर १९१६ मध्ये रास्पुतिनचा खून झाला, पण गेलेला विश्वास परत आला नाही.

युद्धातील हानी, अन्नटंचाई आणि प्रजेला अधिकार न देण्याचा झारचा हट्ट यांमुळे मार्च १९१७ मध्ये क्रांती झाली. निकोलसला गादी सोडावी लागली. मुलगा बरा होणार नाही, हे डॉक्टरांकडून कळल्यावर त्याने मुलाच्या वतीनेही गादी सोडली. जुलै १९१८ मध्ये येकातेरिनबुर्ग येथे बोल्शेविकांनी या सातही जणांना गोळ्या घालून ठार केले. निरपराध मुलांनाही त्यांनी सोडले नाही.

निकोलस आणि अलेक्झांड्रा यांच्या प्रेमात खोट नव्हती. पण ते आपल्या घराच्या भिंतींआड राहिले. मुलाचे दुःख त्यांनी प्रजेला कळू दिले नाही आणि प्रजेचे दुःख त्यांना नीट कळले नाही.

स्वाध्याय
१. विवाहापूर्वी अलिक्ससमोर कोणता प्रश्न उभा राहिला?
२. हिमोफिलिया झालेल्या रोग्याला कोणता त्रास होतो?
३. अलेक्सेईचा आजार लपवल्याने काय परिणाम झाला, ते तुमच्या शब्दांत लिहा.