शौचकूपांतील पाणी जोरानें कां जात नाहीं?

सकाळची घाई असते, घरांतील माणसें ताटकळलेलीं असतात आणि फ्लशची कळ तीन तीन वेळां दाबूनहि भांडें स्वच्छ होत नाहीं. असे दोन-चार दिवस गेले कीं गृहस्थ प्लंबरला बोलावतो. भांडें जुनें झालें, बदलावें लागेल, असा निर्णय मिळतो. फरशी फुटते, आठवडाभर शेजाऱ्यांची मिनतवारी करावी लागते, हजारों रुपये खर्च होतात आणि कित्येकदां नव्या भांड्यांतहि पाणी पूर्वीसारखेंच मंदपणें फिरत राहतें. कारण दोष भांड्यांत नव्हताच. तो कोठें आहे हें शोधण्यास बादलीभर पाणी पुरतें. मात्र तत्पूर्वीं भांड्याचें कार्य कसें चालतें हें समजून घेतलें पाहिजे.

भांड्याच्या तळाशीं असलेली वाट सरळ खालीं जात नाहीं. ती आधीं वर चढते व मग उतरते. या बांकांत सदैव थोडें पाणी उभें राहतें आणि तें गटाराच्या दुर्गंधीस घरांत येऊं देत नाहीं. अलेक्झांडर कमिंग या स्कॉटिश घड्याळजीनें १७७५ सालीं अशा बांकदार नळीच्या शौचकूपाचें पेटंट घेतलें. त्याच्या रचनेंतील सरकती झडप पुढें मागें पडली. बांक मात्र अद्यापि टिकून आहे, आणि प्लंबर लोक त्यालाच ट्रॅप म्हणतात.

हा चढ ओलांडावयाचा तर पाण्याला वेग हवा. सहा लिटर पाणी तांब्यातांब्यानें ओतलें तर तें चढावरून निमूटपणें वाहून जातें व मळ जागच्या जागीं राहतो. तेंच सहा लिटर पाणी कांहीं सेकंदांत येऊन पडलें तर भांड्यांतील सर्व पाण्याला धक्का बसतो आणि तें मळासह पलीकडे जातें. अमेरिकेंत रूढ असलेल्या भांड्यांत ही वाट अरुंद ठेवलेली असते. ती क्षणभर पाण्यानें पूर्ण भरली कीं वक्रनलिकेची क्रिया सुरू होऊन उतरणारें पाणी मागच्या पाण्यास ओढून नेतें. आपल्याकडील बहुतेक भांडीं, बैठीं असोत कीं खुर्चीवजा, केवळ धक्क्यावर चालतात. म्हणून पाणी किती आलें याच्या इतकेंच तें किती त्वरेनें आलें यालाहि महत्त्व आहे. जुन्या चाळींत साखळी ओढावयाची लोखंडी टांकी डोक्याच्याहि वर बसवीत, ती उगाच नव्हे. ती उंचीच पाण्याला वेग देत असे.

आतां बादलीची परीक्षा. सहा-सात लिटर पाणी एका दमांत, परंतु शिंतोडे उडणार नाहींत अशा बेतानें भांड्यांत ओतावें. पाणी झटकन् निघून भांडें साफ झालें, तर खालची वाट मोकळी आहे. दोष टांकींत किंवा भांड्याच्या कांठांत आहे. पाणी वर चढून सावकाश उतरलें, तर टांकीच्या दुरुस्तींत पैसा घालणें व्यर्थ होय. अडथळा खालीं आहे. भांडें आधींच तुडुंब भरलेलें असेल तर ही परीक्षा करूं नये, हें सांगावयास नको. तरी सांगितलेलें बरें.

टांकींतील दोष बहुधा क्षुल्लक असतात. झांकण काढून पाहिलें असतां पाणी आंतील खुणेपर्यंत येत नसल्याचें आढळतें: तरंगता गोळा खालीं बसविलेला असतो, किंवा भिंतीवरील कॉक अर्धवट उघडा असल्यामुळें दोन वापरांच्या मधल्या वेळांत टांकी भरत नाहीं. कधीं तळाची रबरी झडप अर्धें पाणी जातांच बंद होते. पाणी वांचविण्याच्या सद्हेतूनें टांकींत वीट वा पाण्यानें भरलेली बाटली ठेवणारींहि घरें आहेत. जुनें भांडें दहा लिटरच्या हिशेबानें केलेलें असलें तर त्याला सात लिटर पुरत नाहींत. मग दोनदां पाणी सोडावें लागतें, आणि बचत राहते बाजूला. जुन्या भांड्यावर आजची सहा लिटरची टांकी बसविली तरी हाच अनुभव येतो.

टांकी ठीक असेल तर आरसा हातांत घेऊन कांठाच्या खालीं पाहावें. तेथील बारीक भोकांतून पाणी चहूंकडून उतरावयास हवें. विंधनविहिरीच्या जड पाण्यानें त्यांत क्षारांचीं पुटें बसतात. सिरक्यांत भिजविलेल्या चिंध्या भोकांवर रात्रभर दाबून ठेवाव्या आणि सकाळीं तारेनें भोकें मोकळीं करावीं. येथें एक गोष्ट गंभीरपणें सांगणें अवश्य आहे. संडास धुण्याचें तेजाबयुक्त औषध आणि ब्लीचिंग पावडर हीं कधींहि एकत्र वापरूं नयेत. त्यांच्या संयोगानें क्लोरीन वायु सुटतो, आणि लहानशा कोंडलेल्या मोरींत तो प्राणघातक ठरूं शकतो. दुप्पट स्वच्छतेच्या हौसेनेंच हा अपघात घडतो.

अडथळा खालीं असल्यास रबरी वाटीचा दांडा घ्यावा. वाटी पाण्यांत बुडलेली असावी, आणि दाबण्यापेक्षां ओढण्यावर भर द्यावा. आंत रुतलेली वस्तु मागें आली म्हणजे सुटते. एवढ्यानें भागलें नाहीं तर लवचीक स्प्रिंगची तार फिरवीत आंत सारावी. उकळतें पाणी ओतूं नये. चिनी मातीला तडा जातो.

पाणी जातांना नहाणींतून बुडबुडे येत असतील तर गच्चीवरील वायुनळी पाहावी. पाखराचें घरटें किंवा पालापाचोळा तिचें तोंड बंद करतो व मागून हवा न मिळाल्यानें पाणी अडखळतें. तळमजल्यावरील सर्वच घरांत पाणी तुंबत असेल, तर अडथळा आवारांतील चेंबरमध्यें समजावा. तेथें इमारतीची मंडळी पैसे देऊन एखाद्या माणसास आंत उतरवितात. तसें मुळींच करूं नये. हायड्रोजन सल्फाइड वायूनें मनुष्य कांहीं क्षणांत बेशुद्ध होतो, आणि त्यास काढावयास उतरणाराहि त्याच गतीला जातो. संरक्षक साधनांवांचून माणसाकडून गटार वा मैलाटांकी साफ करविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी आहे. पहिल्याच गुन्ह्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्हीं शिक्षा होऊं शकतात. मैला ओढून घेणारी यंत्राची गाडी मागवावी, आणि ती येईपर्यंत वरच्या मजल्यांवरील मंडळींस फ्लश न वापरण्याची सूचना द्यावी.