समुद्रावर निघालात? आधी तिथी पाहा!

खापर (जि. नंदुरबार) : सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना नदीचा पूर कळतो, भरती-ओहोटीची मात्र सवय नसते. भाऊबीज आटोपून गुहागरसारख्या निवांत गावी विसाव्याला जाणाऱ्या पर्यटकांनी म्हणूनच कोकणातला एक जुना हिशेब जाणून घ्यायला हवा.

तिथीची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची स्थूल वेळ मिळते. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. म्हणजे दुपारी दीडच्या सुमारास भरती पूर्ण होते आणि पुढे सुमारे सहा तास ओहोटी चालते. वद्य पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एक, दोन असे मोजावे. चंद्र रोज उशिरा उगवतो, तशी भरतीही रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते.

अमावास्या-पौर्णिमेला सूर्य व चंद्राचे आकर्षण एकत्र येऊन उधाण येते. त्याचा जोर पुढेही एक-दोन दिवस टिकतो. लक्ष्मीपूजन अमावास्येचे, त्यामुळे दिवाळीच्या सुटीचा प्रारंभच उधाणात होतो. पर्यटक सायंकाळी चार-पाचला पाण्यात उतरतात, तेव्हा नेमकी ओहोटी असते आणि पाणी आत खेचत असते.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याकडे झगडत पोहू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे, मग परतावे. पोहता येत नसेल तर गुडघाभर पाणीच पुरे. उतरण्यापूर्वी स्थानिकांना जरूर विचारावे. सूर्यास्त वाळूत बसूनही तितकाच सुंदर दिसतो.