हाडांचे बचत खाते

दोन वर्षांपूर्वी माझ्या सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे शारजाला आल्या होत्या. वय ६९, मधुमेह नाही, रक्तदाब नाही. तिसऱ्याच आठवड्यात पहाटे बाथरूममध्ये पाय घसरला आणि उजव्या खुब्याचे हाड मोडले. एवढ्याशा पडण्याने इतके मोठे हाड कसे मोडते, असे मी डॉक्टरांना विचारले. त्यांनी उलट मलाच विचारले, "यापूर्वी कधी हाड मोडले होते का?" मोडले होते. चार वर्षे आधी अंगणात पडून मनगट मोडले होते. सहा आठवड्यांनी प्लॅस्टर काढले आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो. ती पहिली सूचना होती, हे आम्हाला खुबा मोडल्यावर कळले.

आपले हाड बचत खात्यासारखे असते. साधारण तिशीपर्यंत त्यात जमा होते, पुढे हळूहळू खर्च चालू होतो. पाळी गेल्यावर पहिली काही वर्षे हा खर्च फार वेगाने होतो. पुरुषही यातून सुटत नाहीत. विशेषतः दम्यासाठी किंवा संधिवातासाठी स्टिरॉइडच्या गोळ्या दीर्घकाळ घेणाऱ्यांनी सावध राहावे. या ठिसूळपणाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. हाड मोडेपर्यंत काहीच दुखत नाही. उंची कमी होणे किंवा पाठीला बाक येणे, एवढीच काय ती खूण.

तपासणी कोणी करावी?
६५ वर्षांवरील स्त्रिया, ७० वर्षांवरील पुरुष आणि पन्नाशीनंतर साध्या पडण्याने ज्यांचे हाड मोडले आहे अशा प्रत्येकाने डॉक्टरांना डेक्सा तपासणीबद्दल विचारावे. ही तपासणी काही मिनिटांची आणि वेदनारहित असते. अहवालातील टी-स्कोअर उणे २.५ किंवा त्याहून खाली असेल तर ऑस्टिओपोरोसिस समजतात. हा निकष जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवला.

उन्हाच्या देशात उन्हाची टंचाई
अमिरातीत वर्षभर ऊन असूनही ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. आपण एसी घरातून एसी गाडीत आणि तिथून एसी ऑफिसात जातो. काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि अगदी सकाळच्या कोवळ्या उन्हाचाही फारसा उपयोग नाही. नोव्हेंबर ते मार्च या काळात दहाच्या सुमारास हात-पाय उघडे ठेवून पंधरा-वीस मिनिटे बाहेर फिरावे. उन्हाळ्यात हे शक्य नाही, म्हणून रक्त तपासून डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. भारतातून आणलेल्या ६०,००० युनिटच्या पुड्या मनाने घेत राहू नयेत. अतिरेकाने अपाय होतो.

ताटात काय असावे?
रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, पाळी गेलेल्या स्त्रियांना १२००. एक मोठा पेला दुधात अंदाजे ३०० मिलिग्रॅम आणि १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम मिळते. दही, इथे सगळीकडे मिळणारे लबन, तीळ आणि पालेभाज्या यांचीही भर घालावी. डाळी, उसळी, अंडी यांतले प्रथिनही तितकेच हवे. रोज भरभर चालावे. उन्हाळ्यात मॉलमध्ये चालले तरी चालेल. ज्यांचे मणके ठिसूळ झाले आहेत त्यांनी मात्र कमरेत खूप वाकण्याचे व्यायाम विचारल्याशिवाय करू नयेत.

मोडलेच तर
पडलेल्या माणसाला ओढून उठवू नका. ९९८ वर अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. साताऱ्याहून फोन आला होता, "या वयात ऑपरेशन कशाला? थोडे थांबून इकडेच घेऊन या." आम्ही थांबलो नाही. खुब्याचे ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत होणे चांगले, कारण अंथरुणाला खिळल्याने न्यूमोनिया, रक्ताच्या गुठळ्या आणि शय्याव्रण होतात. दुसऱ्या दिवशी आई वॉकर धरून उभ्या राहिल्या.

पण ऑपरेशनने हाडांचा ठिसूळपणा जात नाही. त्यासाठी आठवड्याची गोळी, सहा महिन्यांचे किंवा वर्षाचे इंजेक्शन असे पर्याय आहेत. आठवड्याची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास आडवे व्हायचे नसते. सहा महिन्यांचे इंजेक्शन डॉक्टरांना न विचारता बंद केल्यास मणके मोडण्याचा धोका वाढतो.

खिशाचे काय?
आईंच्या व्हिजिट व्हिसाबरोबर आम्ही सर्वांत स्वस्त विमा घेतला होता. त्याची मर्यादा लवकरच संपली आणि बरीच रक्कम आम्हाला भरावी लागली. आईवडिलांना बोलावण्यापूर्वी पॉलिसीत चार गोष्टी वाचा: तातडीच्या उपचारांची मर्यादा, ऑपरेशन, हाडात बसवायचे साहित्य आणि जुन्या आजारांची अट. स्वतःच्या पॉलिसीत डेक्सा बसते का, तेही विचारून घ्या.

आणि आजच एक काम करा. बाथरूममध्ये धरायला दांडा आणि न घसरणारी मॅट बसवा, रात्रीचा एक दिवा चालू ठेवा. आम्ही हे सगळे केले, पण खुबा मोडल्यानंतर.